मूर्तींची निरर्थकता : बायबलमधील शिकवण

माणसाच्या हातांनी घडलेली वस्तू माणसाला तारू शकत नाही, ही बायबलच्या दोन्ही करारांत येणारी शिकवण. तिचा पाया दहा आज्ञांत आहे (निर्गम २०). मोशे सीनाय पर्वतावर असतानाच खाली लोकांनी सोन्याचे वासरू घडवले (निर्गम ३२).

ही शिकवण सर्वांत धारदार होते ती यशयाच्या ४४व्या अध्यायात. सुतार झाड तोडतो, अर्ध्या लाकडावर भाकरी भाजतो, अंग शेकतो आणि उरलेल्याचा देव करून त्याच्याकडेच रक्षण मागतो. यिर्मयाला मूर्ती मळ्यातल्या बुजगावण्यासारखी वाटते. तिला उचलूनच न्यावे लागते (अध्याय १०). मात्र संदेष्ट्यांचा हा उपहास मुख्यतः स्वतःच्याच लोकांसाठी होता, हे विसरता कामा नये. हिज्कीया राजाने तर खुद्द मोशेने केलेला पितळी सर्प फोडून टाकला, कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले होते (२ राजे १८:४). नव्या करारात प्रेषित पौलाने लोभालाही मूर्तिपूजेत धरले (कलस्सैकरांस ३:५).

महाराष्ट्रात मूर्तिपूजेवर जाहीर वाद झडला तो मुंबईत, १८३१ साली : एका बाजूला स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन, दुसऱ्या बाजूला हिंदू पंडित मोरभट दांडेकर. दांडेकरांनी ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहिली, विल्सननी तिला उत्तर दिले. अशा वादांत यशयाचा उपहास तेवढा पुढे आला आणि हिज्कीयाचे आत्मपरीक्षण मागे पडले. ही शिकवणीची मोठी हानी होय. कोकणातील मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यू मात्र शेजाऱ्यांशी वाद न मांडता पिढ्यान्‌पिढ्या मूर्तीविना उपासना करत आले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांनी मूर्ती सोडली, पण वारकऱ्यांचा अभंग सोडला नाही. त्याच छंदात त्यांनी ख्रिस्ताला आळवले.

आज हा प्रश्न वादात नव्हे, शेजारात भेटतो. अकलूजचेच उदाहरण घ्या. आषाढी वारीत तुकाराममहाराजांची पालखी सराटीला नीरास्नान आटोपून अकलूजला येते, तेथे रिंगण होते. गावात अकलाईचे देऊळ आहे. अशा गावात ख्रिस्ती घरापुढचा खरा प्रश्न यशयाच्या सुताराचा नसतो. शेजारून आलेल्या प्रसादाचा असतो. नेमका असाच प्रश्न करिंथच्या मंडळीने पौलाला विचारला होता (१ करिंथ ८–१०), आणि त्याचे उत्तर एका वाक्यात मावणारे नाही. मूर्ती म्हणजे काहीच नाही, म्हणून अन्नाने कोणी बाटत नाही. तरीही देवळातल्या पंगतीला बसून तेथील उपासनेत भागीदार होणे पौलाला मान्य नाही. कोणी घरी जेवायला बोलावले तर पानात पडेल ते चौकशी न करता खावे. मात्र ते नैवेद्याचे आहे असे कोणी मुद्दाम सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकबुद्धीसाठी खाऊ नये. आपल्या खाण्याने दुबळ्या मनाचा भाऊ अडखळत असेल, तर स्वतः मांस कायमचे सोडण्याचीही पौलाची तयारी होती.