धगीचं मोजमाप

मागच्या बैठकीत एका आजींनी पदर सारून पोटावरच्या जुन्या खुणा दाखवल्या. लहानपणी पोट दुखायचं म्हणून तापल्या विळ्यानं दिलेले डाग. मग त्यांनी विचारलं, "आता म्हणे डॉक्टरसुद्धा गाठ आतून भाजतात. मग त्यांच्यात आणि आमच्या भगतात फरक काय?" सगळ्या हसल्या. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, म्हणून आज त्याचंच बोलू.

फरक आहे मोजमापाचा, आणि ते हाती यायला साठेक वर्षं लागली.

अंड्याचं पांढरं तापलं की घट्ट होतं आणि पुन्हा पातळ होत नाही. शरीरातल्या पेशींचंही तसंच. पण किती ताप, किती वेळ? अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातल्या मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोघांनी 1947 साली हे मोजून प्रसिद्ध केलं. बहुतेक प्रयोग डुकरांच्या कातडीवर केले, काही माणसांवरही. 44 अंश सेल्सिअसला कातडी कायमची भाजायला सहा तास लागतात. तिथून 51 अंशांपर्यंत प्रत्येक अंशाला वेळ साधारण निम्मा होत जातो, आणि 60 अंशांना काम काही सेकंदांत आटोपतं. डोळ्याला लाल दिसणारं लोखंड 500 अंशांच्या वर असतं. आजींच्या पोटावर काय ठेवलं होतं, ते यावरून कळावं.

पुढच्याच वर्षी, 1948 मध्ये, हॅरी पेनेस यांनी माणसांच्या हाताच्या पुढच्या भागातून, कोपर आणि मनगटाच्या मधून, तापमान मोजणारी बारीक तार आरपार ओढली. ऐकूनच अंगावर काटा येतो, पण त्यातून कामाची गोष्ट निघाली. शरीरातली उष्णता एका जागी बसत नाही, वाहतं रक्त ती सोबत घेऊन जातं. पेनेस यांनी हे एका समीकरणात मांडलं, आणि आजही या कामातले बरेचसे हिशेब तिथूनच सुरू होतात.

लेझर 1960 साली आला. थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियात माणकाच्या कांडीतून तो पहिल्यांदा काढला. पुढे 1983 च्या सुमारास लंडनचे डॉक्टर स्टीफन बाऊन यांनी लेझरचा उजेड काचेच्या बारीक तंतूतून थेट गाठीच्या पोटात सोडायची वाट मांडली. वरची कातडी न भाजता आतली गाठ शिजवायची. मग अडलं कुठे? आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. झाकण लावलेल्या पातेल्यातलं दूध कधी उतू जाईल हे आपण आवाजावरून ओळखतो. गाठ आवाज करत नाही, आणि तिच्या शेजारी मज्जातंतू असतात, मूत्रमार्ग असतो.

ते झाकण काढलं एमआरआयनं. शरीरातल्या पाण्याकडून या यंत्राला मिळणारा इशारा तापमानाबरोबर बदलतो. बदल किती? दर अंशाला साधारण दहा कोटींत एक भाग. जपानमधल्या संशोधकांनी 1995 साली हाच बदल पकडून तापमानाचा नकाशा काढून दाखवला. सुई न टोचता आतली धग पडद्यावर दिसू लागली.

पण नकाशा आत्ताचं सांगतो. दोन मिनिटांनी काय होईल, हे तो सांगत नाही. इथे संगणकाचं काम येतं. आपण शेतात वाफे पाडतो ना, तसे अवयवाच्या चित्राचे हजारो बारीक वाफे पाडायचे. एका वाफ्यातली धग शेजारच्या वाफ्यात किती जाईल, रक्ताचा पाट किती वाहून नेईल, हे प्रत्येक वाफ्यासाठी मांडायचं. अडचण अशी की प्रत्येकाचं रक्त सारखं वाहत नाही, आणि एकाच माणसातही गाठ तापली की ते बदलतं. म्हणून आधी केलेला हिशेब मध्येच चुकू लागतो.

टेक्सासमध्ये टिन्सली ओडेन, डेव्हिड फ्युएन्टेस आणि त्यांच्या सोबत्यांनी यावर तोड काढली. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमध्ये एमआरआय आणि लेझर होते, हिशेब करणारे संगणक मात्र दूर ऑस्टिन शहरात. उपचार चालू असताना तापमानाची चित्रं तिकडे जायची, संगणक आपला अंदाज त्यांच्याशी ताडून दुरुस्त करायचा आणि लेझर किती चालवायचा ते कळवायचा. एका कुत्र्याच्या प्रोस्टेट ग्रंथीवर 18 मिनिटं हे केलं. तापमान ठरलेल्या बेतापासून 5 अंशांच्या आत राहिलं. नंतर ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तर भाजलेला भाग ठरवलेल्या 1.2 सेंटिमीटरच्या गोलातच होता. हे काम 2009 साली छापून आलं. आधी डुकरं, मग कुत्रे. या सगळ्या ज्ञानाची किंमत कुणी मोजली, हे आम्हाला बोलून दाखवावंसं वाटतं.

आज एमआरआयच्या देखरेखीखाली लेझरनं मेंदूतल्या काही गाठी आणि फिट्स सुरू करणारी जागा जाळतात, विशेषतः जिथे सुरी पोचवणं कठीण असतं. प्रत्येक गाठीचा हा इलाज नव्हे. छातीत गाठ हाताला लागली, तर आधी तपासणी, आणि मग बहुतेक वेळा शस्त्रक्रिया, किरणं, औषधं हाच रस्ता असतो.

आजींना हे सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे भाजताना मध्येच थांबून बघतात की, कुठवर गेलं ते." हो आजी, दर काही सेकंदांनी.