आत्याचा आजार : मुंबईची नोंदवही आणि स्तनाच्या कर्करोगाचा वारसा

१/ स्तनाचा कर्करोग काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या दिसतो, हे जुने निरीक्षण आहे. पॅरिसचे शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी १८६६ मध्ये आपल्या पत्नीच्याच घराण्याची अशी वंशावळ मांडली. कारण मात्र सव्वाशे वर्षे सापडले नाही. त्या शोधातील एक प्रकरण मुंबईचे आहे.

२/ परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये उघडले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी एल. डी. संघवी यांच्यासह १९४९ मध्ये, आपसांतच विवाह करणाऱ्या मुंबईतील सहा समाजांच्या आनुवंशिक लक्षणांची तुलना प्रसिद्ध केली. शेजारी राहणारे समाज रक्ताने किती वेगळे, हे त्यात मोजले होते.

३/ १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. डॉ. जस्सावाला यांच्या या नोंदवहीत पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग ठळकपणे अधिक दिसला. हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा. दोष रक्ताचा, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. पण पारशी स्त्रिया उशिरा विवाह करीत, अपत्ये थोडी. आणि हीच जोखीम इंग्लंडमध्ये जेनेट लेन-क्लेपन यांनी १९२६ मध्येच, ५०० रुग्ण व ५०० इतर स्त्रिया ताडून दाखवली होती. रक्त आणि राहणी वेगळी करणे नोंदवहीच्या आवाक्यात नव्हते.

४/ ते काम मेरी-क्लेअर किंग यांनी केले. २३ कुटुंबांच्या अभ्यासातून १९९० मध्ये त्यांनी सतराव्या गुणसूत्रावर जागा दाखवली. १९९४ मध्ये बीआरसीए-१ जनुक हाती आले, पुढच्या वर्षी बीआरसीए-२. दोन्ही जनुके डीएनएची दुरुस्ती करतात. त्यांत घातक बिघाड असल्यास आयुष्यभराची जोखीम सुमारे ७० टक्क्यांपर्यंत जाते. मात्र शंभर रुग्णांत असा वारसा पाच-दहा जणींतच आढळतो.

५/ हा बिघाड वडिलांकडूनही तितकाच येतो, आणि आपल्याकडे नेमके तेच सुटते. आकुर्डीचेच पाहा. साठच्या दशकात बजाजचा कारखाना आला आणि मराठवाडा, खानदेश, कोकणातून कुटुंबे येथे वसली. आज्या, आत्या गावीच राहिल्या. डॉक्टरांनी विचारले, तर आईचे आणि मावशीचे सांगितले जाते. आत्या तर ‘दिल्या घरची’. तिची गाठ सासरच्या खात्यावर जमा!

६/ जनुकचाचणी शक्यतो आधी आजार झालेल्या व्यक्तीची करतात, समुपदेशनानंतर. तेव्हा गावी फोन कराल तेव्हा वडिलांच्या बाजूचेही विचारा : कोणाला गाठ झाली होती, आणि कितव्या वर्षी?