पदवी नंतर आली, विषय आधी आला

“बी.एस्सी.ला न्यूरोसायन्स मिळालं नाही, आता काय करू?” संशोधनाच्या तयारीला लागलेले ज्युनिअर मला हे हमखास विचारतात. माझी स्वतःची पदवी प्राणिशास्त्राची. आपण चुकीच्या दारातून आत आलोय, असं मलाही पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी सारखं वाटायचं. मग या विषयाचा इतिहास वाचायला घेतला, तेव्हा कळलं की सुरुवातीला नेमकं असं दार नव्हतंच.

१९५२ साली केंब्रिजच्या ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी चेतातंतूतून विद्युतसंदेश कसा जातो, याची समीकरणं मांडली. प्रयोग केले होते स्क्विडच्या जाड चेतातंतूवर. हक्स्ली कॉलेजात आले होते भौतिकशास्त्राच्या ओढीने. आणखी एक विज्ञान विषय घेणं भाग होतं, म्हणून त्यांनी शरीरक्रियाशास्त्र घेतलं! समीकरणं सोडवायच्या वेळी विद्यापीठाचा संगणक बंद होता. मग त्यांनी हाताने दांडा फिरवायच्या गणनयंत्रावर तीनेक आठवडे आकडेमोड केली. १९६३ साली दोघांना नोबेल मिळालं.

‘न्यूरोसायन्स’ हे नाव रुळलं ते त्यानंतर. १९६२ साली एमआयटीत फ्रान्सिस श्मिट यांनी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, मानसशास्त्र अशा वेगवेगळ्या विषयांतल्या लोकांना मेंदूच्या प्रश्नावर एकत्र आणलं. १९६९ साली अमेरिकेत ‘सोसायटी फॉर न्यूरोसायन्स’ स्थापन झाली. ॲमहर्स्ट कॉलेजने पदवी पातळीवरचा अभ्यासक्रम सुरू केला १९७३ साली. अमेरिकेतल्या अगदी पहिल्या अभ्यासक्रमांपैकी तो एक. म्हणजे क्रम बघा: आधी प्रश्न, मग माणसं, मग संस्था आणि सगळ्यात शेवटी पदवी.

आपल्याकडेही हेच झालं. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये १९६२ साली रेण्वीय जीवशास्त्राचा गट उभा करणारे ओबेद सिद्दिकी मूळचे सूक्ष्मजीवांच्या जनुकशास्त्रातले. सत्तरच्या दशकात ते फळमाशीकडे वळले. सीमोर बेन्झर यांच्यासोबत त्यांनी तापमान वाढलं की लुळ्या पडणाऱ्या माश्यांच्या चेतासंदेशांचा अभ्यास केला. पुढे कुलाब्यातल्या त्यांच्या प्रयोगशाळेत माशीला वास आणि चव कशी कळते, यावर काम झालं.

पण म्हणून ‘पदवी कुठलीही चालते’ असं समजू नका. हक्स्लींकडे गणित होतं, सिद्दिकींकडे जनुकशास्त्र. प्रत्येकाने एक हत्यार धार लावून आणलं होतं. मी बारावीनंतर गणित सोडलं, आणि हॉजकिन-हक्स्लींची समीकरणं पहिल्यांदा समोर आली तेव्हा चक्क घाम फुटला. ती भरपाई अजून चालू आहे.

त्यामुळे पदवीच्या नावावर रडत बसू नका. तुमच्या विषयाने तुम्हाला कोणतं हत्यार दिलंय आणि कोणतं दिलेलं नाही, हे दोन रकान्यांत लिहून काढा. दुसऱ्या रकान्यातली पहिली गोष्ट याच सुट्टीत शिकायला घ्या.