उन्हाळ्यातला नाताळ

भोगीच्या दिवशी महाराष्ट्रात घरोघर जी लेकुरवाळी भाजी शिजते, तिच्यात त्या हंगामाचे सारे शेत येऊन बसलेले असते. हरभऱ्याचे घाटे, पावटे, गाजर, वांगी आणि वरून पेरलेले तीळ. पौषातल्या शिवाराने जे दिले तेच सुगडात आणि तेच पातेल्यात. सण ऋतूची साक्ष देतो आणि ऋतू सणाची. हाच सण उचलून कोणी आषाढाच्या चिखलात नेऊन ठेवला, आणि तेथेही तीच भाजी व्हावी असा हट्ट धरला, तर त्या घरच्या गृहिणीची जी त्रेधा उडेल, तशीच त्रेधा अठराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण गोलार्धात जाऊन राहिलेल्या इंग्रजांची उडाली. त्यांच्या देशी नाताळ हा थंडीतला सण. दिवस अत्यंत लहान झालेला, बाहेर बर्फ, आत शेकोटी. झाडे सारी निष्पर्ण, म्हणून हॉलीची हिरवी काटेरी पाने दाराला लावायची. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांत पंचवीस डिसेंबरला सूर्य माथ्यावर तळपत असतो. तीनच दिवसांपूर्वी तो मकरवृत्तावर पोहोचलेला असतो आणि ते वृत्त ऑस्ट्रेलिया खंडाच्या मधूनच गेलेले आहे.

या अडचणीची पहिली चुणूक दर्यावर्द्यांना आधीच लागली होती. डच कप्तान आबेल टास्मान याने १६४२ चा नाताळ न्यूझीलंडच्या किनाऱ्याशी वादळात काढला. पुढे १७६९ च्या नाताळात कॅप्टन कुक त्याच समुद्रात होता. इंग्लंडात या दिवशी हंस शिजवीत. येथे हंस कोठला? तेव्हा आदल्या दिवशी गॅनेट नावाचे समुद्रपक्षी मारण्यात आले, त्यांनाच हंस मानून कणकेच्या पारीत भाजले आणि सर्वांनी ते आनंदाने खाल्ले. त्या रात्री खलाशांनी मद्य किती घेतले हेही त्याच जहाजावरील निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स याने आपल्या रोजनिशीत नमूद करून ठेवले आहे. परंतु खलाशाचे काय, तो आज येथे आणि उद्या तेथे. खरा प्रश्न पडला तो जे परत जाणार नव्हते त्यांना.

१७८८ च्या जानेवारीत कप्तान आर्थर फिलिप अकरा जहाजे घेऊन सिडनीच्या खाडीत उतरला. बरोबर हजारावर माणसे, त्यांतली बहुसंख्य कैदी. वाटेत रिओ दि जानेरो आणि केप ऑफ गुड होप येथून घेतलेली बियाणी व रोपे जवळ होती. मात्र ती जमिनीत पडली तेव्हा तेथला उन्हाळा संपून शरद ऋतू लागत होता. इंग्लंडच्या पंचांगावर वाढलेल्या माणसांना हे उलटे कालचक्र उमगण्यास वेळ लागला. जमीन रेताड, खत नाही, नांगर नाही, आणि शेतीचा अनुभव असलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी. बंदरातील एका लहानशा बेटावर 'सिरियस' जहाजाच्या खलाशांनी भाजीचा मळा केला. त्या बेटाला आजही गार्डन आयलंड, म्हणजे बागेचे बेट, असेच म्हणतात, आणि खडकावर कोरलेला १७८८ हा आकडा तेथे अद्याप दिसतो. पहिला नाताळ आला तेव्हा ते 'सिरियस' जहाज पीठ आणण्यासाठी केपकडे गेलेले होते आणि वसाहतीतील शिधा आधीच कमी केलेला होता.

पुढली दोन वर्षे याहून वाईट गेली. १७९० च्या मार्चमध्ये 'सिरियस' नॉरफोक बेटाशी खडकावर आपटून फुटले. एप्रिलमध्ये आठवड्याचा शिधा माणशी अडीच पौंड पीठ, दोन पौंड तांदूळ आणि दोन पौंड खारवलेले डुकराचे मांस यांवर आला, आणि गव्हर्नरपासून कैद्यापर्यंत तो सर्वांना सारखाच होता. फिलिपने आपल्या खाजगी साठ्यातले पीठही सार्वजनिक कोठारात जमा केले. त्याच्या घरी भोजनाचे आमंत्रण आले तर आपली भाकरी आपणच घेऊन जावी असा रिवाज पडला. अशा दिवसांत परसातला कोबीचा गड्डा हा पैशापेक्षा मोलाचा होता. भाजी चोरणाऱ्याच्या पाठीवर फटके पडत. आपल्याकडील वाचकांना गंमत वाटेल ती ही की, या भुकेल्या वसाहतीला १७९२ च्या जूनमध्ये जो आधार मिळाला तो कलकत्त्याहून. 'अटलांटिक' नावाचे जहाज बंगालमधून तांदूळ, रवा आणि डाळ घेऊन आले. सिडनीच्या जुन्या कागदपत्रांत सुजी आणि डाळ हे दोन्ही शब्द आपल्या देशी नावांनिशी नोंदलेले आढळतात.

हे सारे लिहिताना एक गोष्ट विसरता येत नाही. ज्या जमिनीत गोऱ्यांना काही पिकत नव्हते तेथेच इओरा लोक हजारो वर्षे राहत आले होते. मासे, शिंपले, रानकंद यांवर त्यांचा संसार चाले. १७८९ च्या एप्रिलात देवीची साथ आली आणि बंदराच्या आसपासचे सुमारे अर्धे मूळ रहिवासी तिला बळी पडले असा खुद्द फिलिपचा अंदाज होता. नंतर हॉक्सबरी नदीकाठी मक्याची शेते झाली ती तेथील मूळ रहिवाशांच्या कंदांच्या जागा नांगरून.

न्यूझीलंडची हकीकत निराळी आहे, कारण तेथे पहिला सार्वजनिक नाताळ घडवून आणणारा माणूस माओरी होता. त्याचे नाव रुआतारा. बे ऑफ आयलंड्स या भागातील हा तरुण नायक. त्याने देवमाशांच्या शिकारीच्या जहाजांवर कष्ट उपसले होते, राजाचे दर्शन घ्यावे म्हणून तो १८०९ साली लंडनलाही पोहोचला होता. राजा तर भेटला नाहीच, वर मारहाण आणि आजारपण पदरी पडले. परतीच्या जहाजावर तो सॅम्युअल मार्सडेन या धर्मोपदेशकाच्या दृष्टीस पडला. मार्सडेनने त्याची शुश्रूषा केली आणि सिडनीजवळ पॅरामॅटा येथे आपल्या घरी ठेवून घेतले. तेथे रुआतारा शेती शिकला. १८१२ साली तो गव्हाचे बी घेऊन स्वदेशी परतला आणि आपल्या लोकांना त्याने सांगितले की, जहाजावर मिळणारी ती बिस्किटे या गवतापासून होतात.

कोणाचा विश्वास बसला नाही. रताळी आणि बटाटे पिकविणाऱ्या लोकांनी गहू वाढताच मुळाशी उकरून पाहिले. खाली कंद नाही हे पाहून कित्येकांनी पीक उपटून जाळून टाकले. रुआताराने आपले शेत मात्र राखले. गहू निघाला, पण दळायचा कशाने? जाते नव्हते. १८१४ साली मार्सडेनने पाठविलेली हातचक्की आली तेव्हा रुआताराने लोकांदेखत गहू दळला, पीठ चाळले, तव्यात एक पोळी भाजली आणि सर्वांना वाटली. तेव्हा ते लोक आनंदाने नाचू लागले. एखाद्या देशात शब्द खरा ठरावा तर असा.

त्याच वर्षी डिसेंबरात मार्सडेन स्वतः आला. पंचवीस तारीख रविवारी आली होती. आदल्या दिवशी रुआताराने कोणी न सांगता सुमारे अर्धा एकर जागेला कुंपण घातले, मध्ये व्यासपीठ उभारले, त्याला कापड गुंडाळले आणि बसण्यासाठी जुन्या होड्या पालथ्या घातल्या. सण साजरा करण्यासाठी ती हाताने केलेली सजावट. मार्सडेन इंग्रजीत बोलला, त्याचा अर्थ रुआताराने आपल्या भाषेत सांगितला. या माणसाच्या मनात तेव्हा शंकाही होती. उपदेशकांमागून शिपाई येतील आणि जमीन जाईल असे त्याला सिडनीत कोणी तरी बजावले होते. नाताळानंतर तीन महिनेही उलटले नाहीत तोच, १८१५ च्या मार्चमध्ये तो वारला. १८६३ च्या कायद्याने माओरींच्या जमिनी जप्त होऊ लागल्या तेव्हा ती शंका खरी ठरली.

वसाहती स्थिरावल्या तसा सजावटीचा प्रश्न रानानेच सोडविला. हॉली नाही, पण सिडनीभोवतालच्या झाडीत एक झुडूप होते. त्याला वसंतात बारीक पांढरी फुले येत, ती गळून गेली की मागची निदले मोठी होऊन लाल होत, आणि हा रंग नेमका डिसेंबरात भरे. लोकांनी त्याला 'ख्रिसमस बुश' असे नावच देऊन टाकले. नाताळच्या सुमारास सिडनीच्या रस्त्यांतून माणसे याच्या मोळ्याच्या मोळ्या घेऊन घरी जाताना दिसत, असे लुइसा मेरेडिथ या लेखिकेने १८४४ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात वर्णन आहे. व्हरांड्याच्या खांबांना नेच्याची पाने बांधीत. पश्चिम ऑस्ट्रेलियात तर निसर्गाने थट्टाच केली. युरोपात नाताळला बांडगुळाची डहाळी छताला टांगण्याची चाल आहे. येथे बांडगुळाच्याच कुळातला, इतर झाडांच्या मुळांवर जगणारा एक चांगला थोरला वृक्ष नाताळच्या तोंडावर सोनेरी फुलांनी भरून जातो. वसाहतवाल्यांनी त्याला 'ख्रिसमस ट्री' म्हटले. तेथील नूनगार लोकांच्या दृष्टीने त्या वृक्षावर मृतांचे आत्मे विसावतात. त्यांची माणसे त्याच्या फांदीला हात लावीत नसत.

न्यूझीलंडच्या समुद्रकड्यांवर पोहुतुकावा नावाचा वृक्ष डिसेंबरात लालभडक होतो. १८५७ साली पातुओने या माओरी नायकाने दिलेल्या मेजवानीत या फुलांनी मेज सजविले होते, आणि त्या प्रसंगाच्या वर्णनात प्रथमच त्याला 'नाताळचे झाड' म्हटलेले छापून आले. फर्डिनांड फॉन होखस्टेटर हा ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञ त्यानंतर थोड्या काळाने तेथे आला होता. लोक या फुलांच्या डहाळ्यांनी देवळे व घरे शृंगारतात असे त्यानेही लिहिले. पुढे या झाडाची इतकी तोड झाली की १९९० साली त्याच्या पुनर्लागवडीची खास मोहीम हाती घ्यावी लागली.

सोन्याच्या शोधानंतर, म्हणजे १८५१ पासून, या कथेत चिनी माळी येतो. खाणींच्या छावण्यांत ताजी भाजी मिळत नसे. चिनी लोकांनी ओढ्याकाठी वाफे काढले, कावडीने पाणी घातले आणि गावेच्या गावे भाजीवर पोसली. बदल्यात व्हिक्टोरियाने १८५५ साली येणाऱ्या प्रत्येक चिन्यावर दहा पौंडांचा कर बसविला. न्यूझीलंडने १८८१ मध्ये तोच कित्ता गिरविला व १८९६ मध्ये तो शंभर पौंडांवर नेला. १९०१ साली ऑस्ट्रेलियाने श्रुतलेखनाची परीक्षा घेऊन परक्या वर्णाच्या माणसांना दारच बंद केले. तरीही दारावर भाजी घेऊन येणारा हा चिनी माळी नाताळ आला की आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना पाकातल्या आल्याची एक निळीहिरवी बरणी भेट म्हणून देई. आले संपे, बरणी फडताळात राही. तिच्याकडे पाहून त्या गृहिणींना काय वाटत असेल कोण जाणे. न्यूझीलंडच्या सरकारने त्या कराबद्दल २००२ साली जाहीर माफी मागितली.

विसाव्या शतकात परसबाग हे सामान्य कुटुंबाचे कोठार झाले. १९३० नंतरच्या मंदीत ऑस्ट्रेलियातील कामगार संघांचे जवळजवळ तीस टक्के सभासद बेकार होते. घरामागे पाव एकर जागा. तीत वाटाणा, घेवडा, बटाटा, टोमॅटो, कोपऱ्यात कोंबड्यांचे खुराडे. त्या काळी कोंबडी ही रोजची वस्तू नव्हती, ती नाताळसाठीच राखलेली. न्यूझीलंडात नाताळच्या ताटात कोवळे नवे बटाटे आपल्याच वाफ्यातले असावेत ही ईर्ष्या आजतागायत आहे, आणि त्यासाठी बियाणे ऑगस्ट-सप्टेंबरातच मातीत जाते. त्या सकाळी मुले पायरीवर बसून वाटाणे सोलीत. अर्धे वाटाणे भांड्यात पडत, उरलेल्यांचा हिशेब कोणी विचारीत नसे. काचेचे जर्मन गोळे १९१४ च्या युद्धाने बंद पडले. त्यांच्या जागी रंगीत कागदाच्या पट्ट्या पिठाच्या खळीने चिकटवून केलेल्या साखळ्या आल्या. दुसऱ्या महायुद्धात साखर, लोणी, मांस यांवर नियंत्रण आले तेव्हा सरकारनेच प्रत्येकाला भाजी लावण्याचे आवाहन केले. पण खिडकीच्या काचेला बर्फ म्हणून कापूस चिकटविण्याची हौस मात्र कोणी सोडली नाही, आणि चाळीस अंशांच्या उष्म्यात तासन्‌तास उकडलेले पुडिंग खाण्याचीही नाही!

ध्वनिक्षेपणाचाही यात वाटा आहे. १९३७ च्या नाताळाच्या आदल्या रात्री मेलबर्नमधील निवेदक नॉर्मन बँक्स काम संपवून घरी जात असता त्याला एका खिडकीत एक वृद्धा एकटीच मेणबत्ती लावून रेडिओवरील गीते ऐकत बसलेली दिसली. पुढच्या वर्षी त्याने सर्वांना मेणबत्त्या घेऊन नदीकाठच्या बागेत बोलाविले, आणि सुमारे दहा हजार माणसे जमली. उघड्या बागेत रात्री गात बसण्याची ही चैन हिवाळ्यातल्या नाताळाला कोठून परवडणार?

आज सिडनी-मेलबर्नमध्ये मराठी मंडळे आहेत आणि जानेवारीत तेथे संक्रांत होते. सूर्याचे उत्तरायण म्हणजे तेथे दिवस लहान होत जाण्याचा काळ. थंडीत ऊब द्यावी म्हणून नेसावयाची काळी चंद्रकळा तेथल्या ऐन उन्हाळ्यात नेसली जाते. हरभऱ्याच्या घाट्यांचा तो हंगाम नव्हे. त्या वेळी मराठी घरांच्या परसात धरते ती भेंडी आणि दुधी. भोगीच्या पातेल्यात काय घालावे हा प्रश्न आता तेथल्या मराठी सुनेपुढे आहे.