उमेदवारी : बाबासाहेबांची आणि आपल्या पोरांची



कॉलेजात जाणारी आपल्या वस्तीतली मुलं-मुली विहारात येतात तेव्हा हल्ली एकच विचारतात, अर्ज कुठं करायचा? सातपूर-अंबडच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून, बँकेच्या परीक्षेला, की एखाद्या कंपनीत बिनपगारी इंटर्नशिपला? काहीजण दिसेल तिथं अर्ज टाकतात. काहीजण "आपल्याला कोण घेतंय" म्हणून कुठंच टाकत नाहीत. या प्रश्नाला आपल्या चळवळीत मोठा इतिहास आहे. तो मुलांपुढे ठेवावा असे आम्हाला वाटते.

इंटर्नशिप हा शब्द नवा. जुन्या माणसांचा शब्द उमेदवारी. आणि उमेदवारी खुद्द बाबासाहेबांनीही केलेली आहे.

१९१२ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी.ए. झाले. जानेवारी १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले. २ फेब्रुवारीला वडील, सुभेदार रामजी, वारले. त्याच वर्षी महाराज सयाजीरावांनी अमेरिकेत शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली. ४ जून १९१३ रोजी करार झाला. शिक्षण संपल्यावर संस्थानची दहा वर्षे नोकरी करायची, अशी त्यात अट होती. अट जड होती, पण बदल्यात कोलंबिया विद्यापीठ मिळत होते. बाबासाहेबांनी सही केली.

१९१७ साली ते परत आले आणि करार पाळायला बडोद्याला गेले. एवढा शिकलेला माणूस, पण अकाउंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवार म्हणून रुजू झाला. काम शिकण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. पण राहायला जागा कुणी देईना. नाव लपवून पारशी धर्मशाळेत उतरले, तर अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन दारात आले. शेवटी नोकरी सोडून त्यांना मुंबईला यावे लागले. लायकी होती, उमेदवारीही होती. जात आडवी आली.

मुंबईत त्यांनी शिकवण्या केल्या. शेअरबाजारात सल्ला देण्याचा धंदा काढला. जात कळल्यावर गिऱ्हाईक येईना, तोही बंद पडला. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये, म्हणजे त्या काळच्या गिरणी कामगाराच्या कितीतरी पट. पण मार्च १९२० मध्ये त्यांनी ही नोकरी सोडली. लंडनचे शिक्षण अर्धे राहिले होते, त्यासाठीच तर पैसे साठवले होते. राजर्षी शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांची मदत घेऊन ते पुन्हा गेले आणि १९२३ साली डी.एस्‌सी. झाले, बॅरिस्टरही झाले. त्यानंतर जिल्हा न्यायाधीशाची जागा चालून आली तरी ती घेतली नाही. सरकारी चाकरीने तोंडाला कुलूप लागले असते. मग समाजाचे काम कुणी केले असते? या निर्णयांची किंमत माता रमाईने घरात सोसली, हे विसरता येत नाही.

म्हणजे नोकरी वाईट, असा याचा अर्थ काढू नका. फेब्रुवारी १९३८ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, मनमाडला, जी.आय.पी. रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद भरली. आपली माणसं गँगमन म्हणून लागतात आणि गँगमन म्हणूनच संपतात, हे बाबासाहेबांनी तिथे मांडले. हमालाची जागासुद्धा मिळत नसे, कारण हमालाला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागे. मुंबईच्या गिरण्यांतही तेच. विणकाम खात्यात पगार जास्त, पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून अस्पृश्याला तिथे मज्जाव. गिरणीत आयुष्य काढलेल्या आमच्यासारख्यांना ही गोष्ट अंगाला झोंबते. अर्ज कुठं करायचा, हा प्रश्नच आपल्या आज्यापणज्याला पडत नव्हता.

ते दार बाबासाहेबांनी उघडले. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४३ साली केंद्राच्या नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा त्यांनी राखून घेतल्या. जागा भरायला शिकलेली पोरं हवीत म्हणून १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढले.

म्हणून मुलांनो, अर्ज भरण्याआधी बाबासाहेबांच्या चरित्रावरून चार गोष्टी तपासा. इथं शिकायला काय मिळेल, की नुसता चहा आणायचा? सही करतो त्या कागदावर बंधन काय आहे? शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा आहे, विद्यावेतन हा त्यातला हक्क आहे, भीक नव्हे. या कामानंतर पुढचे शिक्षण चालू राहील का? आणि ही आजीविका सम्यक आहे का, की कुणाला नाडून पोट भरायचे आहे?

घरची चूल पेटत नसेल तर मिळेल ते प्रामाणिक काम धरा, त्यात लाज नाही. पण सिडनहॅमची नोकरी बाबासाहेबांनी लंडनसाठी धरली होती, हे ध्यानात ठेवून धरा. आईबापांनीही पहिल्या पगाराची घाई करू नये. आणि जो आत लागला त्याने रविवारी विहारात येऊन पुढच्या दोन पोरांचे अर्ज भरून द्यावेत. एवढे केले तरी या वर्धापनदिनाचे सार्थक झाले असे आम्ही मानू.

नमो बुद्धाय! जयभीम!