सीएक्स कोणाचा?

आजचा भाग लिनक्स कर्नलमधल्या अशा तीन व्हेरिएबल्सवर आहे, ज्यांची व्हॅल्यू कोणीच कधी वाचत नाही. डी-झीरो, डी-वन, डी-टू. तरी त्यांना हात लावायचा नाही!

१९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्सने ०.०१ आवृत्ती काढली, तेव्हा स्ट्रिंगची फंक्शन्स हेडर फाईलमध्येच इनलाइन असेंब्लीत लिहिली होती. मेमकॉपी म्हणजे ३८६ चं 'रेप मूव्हएसबी'. सीएक्समध्ये किती बाइट, एसआयमध्ये कुठून, डीआयमध्ये कुठे. काम झाल्यावर सीएक्स शून्य आणि बाकीचे दोन पुढे सरकलेले.

आता गंमत बघा. जीसीसी तुमची असेंब्ली वाचतच नाही. त्याच्यासाठी ते बंद पाकीट. पाकिटावर आपण जे लिहू त्यावर त्याचा विश्वास: आउटपुट कोणते, इनपुट कोणते, आणि क्लॉबर, म्हणजे खराब होणारे रजिस्टर कोणते. लिनसने तिन्ही रजिस्टर इनपुटमध्ये लिहिले आणि तेच तिन्ही क्लॉबरमध्येही. माणूस म्हणून वाचलं तर एकदम प्रामाणिक! पण जीसीसीच्या भाषेत क्लॉबर म्हणजे 'इथे कुठलंही ऑपरंड ठेवू नकोस'. म्हणजे एकाच वाक्यात 'सीएक्समध्ये आकडा ठेव' आणि 'सीएक्सला हात लावू नकोस'. जुन्या जीसीसीने हे मुकाट्याने गिळलं, त्यामुळे मी दोष एकट्या लिनसला देणार नाही.

१९९७ च्या शेवटी ईजीसीएस १.० आलं, जानेवारी १९९८ मध्ये जीसीसी २.८. यांच्यावर २.० कर्नल बिल्ड करायला गेलं की एरर: सीएक्स हे निषिद्ध रजिस्टर स्पिल झालं. वर मेसेज म्हणायचा, हा कंपायलरचा बग असेल किंवा तुमचं असेंब्ली अशक्य असेल. घ्या!

सोपा उपाय काय? क्लॉबरमधून नावं काढून टाका. बिल्ड होतं, आणि खरा धोका इथेच आहे. कारण आता जीसीसी समजतं की सीएक्समध्ये तोच आकडा अजून आहे, आणि पुढे तो बिनधास्त वापरतं. मी पहिल्या नोकरीत एका ड्रायव्हरमध्ये नेमकं हेच केलं होतं. ऑप्टिमायझेशन बंद असताना सगळं मस्त, ओ-टू लावलं की बफरची लांबी शून्य. दोन रात्री गेल्या, आणि शिव्या मी हार्डवेअरला घालत होतो.

बरोबर दुरुस्ती वेगळी होती. डी-झीरो नावाचं खोटं आउटपुट सीएक्सला बांधायचं, आणि इनपुटला सांगायचं की तू शून्य नंबरच्या आउटपुटच्याच जागी बस. मग जीसीसीला कळतं: आत जाताना इथे आकडा आहे, बाहेर येताना दुसरंच काहीतरी. डी-झीरोमध्ये काय आलं ते फेकून द्या. एसआय, डीआयचंही तसंच. मेमरी बदलते हे मात्र क्लॉबरमध्येच राहतं, ते तिथलंच आहे.

जानेवारी १९९९ मध्ये २.२ कर्नल आला, तो या पद्धतीने लिहिलेला. २.० वाले जुन्या कंपायलरवरच थांबले. डेबियनने तर त्यासाठी जीसीसी२७२ नावाचं वेगळं पॅकेज ठेवलं होतं. हे चालू होतं तेव्हा मी पाळण्यात होतो. आणि ३२ बिट एक्स८६ ची स्ट्रिंग हेडर उघडलीत तर मेमकॉपीच्या पहिल्या ओळीत ती तीन व्हेरिएबल्स तुम्हाला भेटतील.