निकोडेमस : सनद नसलेल्या एका ग्रामवस्तीचा इतिहास

अमेरिकेच्या कॅन्झस राज्यात, ग्रॅहॅम परगण्यात, सॉलोमन नदीच्या दक्षिण शाखेजवळ निकोडेमस ही लहानशी वस्ती आहे. तिला नगरपालिकेची सनद नाही. दास्यमुक्त कृष्णवर्णीयांनी पश्चिमेकडील माळरानावर जी गावे वसविली, त्यांपैकी आजतागायत टिकलेल्या मोजक्या गावांत मात्र तिची गणना होते. इतर गावे नामशेष होत असता ही वस्ती का टिकली, हा प्रश्न म्हणूनच विचारार्ह ठरतो.

इ. स. १८७७ मध्ये दक्षिणेतील पुनर्रचनेचे पर्व संपले आणि मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांचे राजकीय संरक्षण ढासळले. त्याच वर्षी डब्ल्यू. आर. हिल हा गोरा भूमिव्यवसायी व डब्ल्यू. एच. स्मिथ हा कृष्णवर्णीय गृहस्थ यांच्या पुढाकाराने वसाहत कंपनी स्थापन झाली. तिच्या पत्रकांतील वर्णनांवर विसंबून केंटकीतील सुमारे ३०० लोक त्या शरद ऋतूत येथे आले. प्रत्यक्षात त्यांना दिसला तो वृक्षहीन माळ. जमिनीत खोदलेल्या विवरांत त्यांनी पहिला हिवाळा काढला. शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी त्यांना अन्न दिले, असे परंपरेने सांगितले जाते. कित्येक कुटुंबे परत गेली. परंतु जी राहिली, त्यांनी १८६२ च्या होमस्टेड कायद्यान्वये जमिनी मिळविल्या.

पुढील दशकात गावाला बरकत आली. दुकाने, चर्च व शाळा उभ्या राहिल्या. दोन वृत्तपत्रे निघाली. येथील एडवर्ड मॅकेब हा १८८२ मध्ये राज्याचा लेखापरीक्षक म्हणून निवडून आला. मार्च १८८७ मध्ये मतदारांनी रेल्वे आणण्यासाठी १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले. तरीही मिसूरी पॅसिफिक कंपनीचा मार्ग आला नाही, आणि १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकने नदीच्या दक्षिणेकडून रूळ टाकले. तेथे बोग हे नवे गाव वसले व निकोडेमसच्या व्यापाऱ्यांनी आपली दुकाने तिकडे हलविली.

या घटनेलाच गावाचा अंत मानण्याचा मोह होतो. पण तो निष्कर्ष अपुरा आहे. व्यापारी गेले, शेतकरी राहिले. बाजारपेठ रेल्वेच्या कृपेवर अवलंबून होती. जमिनीची मालकी मात्र तशी नव्हती. पुढे १९३० नंतरच्या दुष्काळाने व धुळीच्या वादळांनी लोकसंख्या आणखी घटली आणि १९५३ मध्ये टपालकचेरीही बंद झाली. तथापि दरवर्षी जुलैच्या अखेरीस दास्यमुक्तीच्या उत्सवासाठी दूरदूरचे वंशज मूळ गावी एकत्र येत राहिले. १९९६ मध्ये निकोडेमसला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

सारांश, निकोडेमसमधील बाजारगावाचा इतिहास जेमतेम एका दशकाचा आहे, तर समाजाचा इतिहास जवळजवळ दीड शतकाचा. पहिला रेल्वेच्या नकाशावर संपतो; दुसरा जमिनीच्या दस्तऐवजांत व आप्तसंबंधांत शोधावा लागतो. नगरपालिकेच्या सनदेवरून वा जनगणनेच्या आकड्यांवरून ग्रामवस्तीचे आयुष्य मोजू पाहणाऱ्या अभ्यासकाच्या हाती त्यांपैकी केवळ पहिलाच लागेल.